तिसऱ्या गाण्यातली बाई

या, असे जवळ येऊन बसा. भीतीची गोष्ट आहे, लांबून ऐकली तर तिचा कंप लागायचा नाही. सांगतो सगळी, पण शेवटी एक मागणं मागणार आहे. ते आत्ताच कबूल करा.

टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावर विनयार्ड नावाचं गाव आहे. तिथे मासे तळून विकणाऱ्या एका दुकानात नोरा कामाला होती. सरळ बाई. रविवारी चर्चमध्ये मागच्या रांगेत उभी राहायची, इतरांच्या आवाजात आपला आवाज मिसळून टाकायची. तिचं मूळचं नाव ग्लेनिस. ते त्या गावात देवाखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

वीसेक वर्षांपूर्वी ती ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या जिलाँगहून, नवऱ्याच्या घरातून, एका पिशवीनिशी निघाली आणि बोटीने समुद्र ओलांडून इकडे आली. नवरा रॉस. मारायचा. मारून झालं की तिच्या शेजारी बसून शांतपणे सांगायचा, "जा ना कुठं जायचं तिथं. नाव बदल, केस काप. आवाज कुठं लपवशील?"

म्हणून ती अधूनमधून आपलं जुनं नाव, जिलाँगसकट, इंटरनेटवर घालून बघे. कधी काही निघालं नव्हतं. त्या दुपारी निघालं.

इंटरनेटवरच्या विश्वकोशात 'किचन डोअर' नावाच्या कॅसेटवर कोणीतरी नोंद लिहिली होती. जिलाँगच्या एका दारूच्या गुत्त्यात सॉल्ट वॅगन्स नावाची मंडळी गात असत. त्यांची एक बैठक कोणीतरी कोटात यंत्र दडवून चोरून टिपली होती आणि तिच्या थोड्याशा प्रती हातोहात विकल्या होत्या. नोंदीत लिहिलं होतं, तिसरं गाणं त्या गुत्त्यात भांडी घासणाऱ्या ग्लेनिस नावाच्या मुलीने म्हटलं आहे, ती पुढे कुठे गेली ते कळत नाही.

नोराने उठून खोलीचं दार लावून घेतलं.

नोंदीच्या डोक्यावर सूचना होती, ही नोंद काढावी की ठेवावी यावर चर्चा चालू आहे. तिने चर्चा उघडली. 'बँडिकूट' असं टोपणनाव घेतलेला कोणी लिहीत होता, "शंभर माणसांनीही न ऐकलेल्या चोरट्या कॅसेटला विश्वकोशात जागा? कुठल्या पेपरात, पुस्तकात हिच्यावर एक ओळ तरी आहे? उद्या माझ्या मामाचं घोरणंही आणाल."

त्यावर नोंद लिहिणाऱ्या डेस्मंडचं उत्तर होतं. "मामा सुरात घोरत असेल तर जरूर आणा. छापील पुरावा मी देतो. एक मासिक लेख छापायला तयार आहे, फक्त ती गाणारी सापडू दे. तिचा ठावठिकाणा कोणाला माहीत असेल तर माझ्या दुकानावर फोन करा." खाली बॅलरॅट शहरातल्या त्याच्या जुन्या गाण्यांच्या दुकानाचा नंबर.

म्हणजे नोंद जगायची तर ही सापडायला हवी होती.

नोराने तिथेच लिहिलं, "काढून टाका. त्या बाईला शोधू नका." आणि संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी बघते तर खाली बँडिकूट म्हणत होता, "इथं मतं मोजत नाहीत, कारणं बघतात. आपण कोण?" आणि त्याच्याही खाली नवीन ओळ होती.

"नोंद ठेवा. तो आवाज माझ्या बायकोचा आहे. ती कुठं आहे ते मला सांगा. रॉस."

तिने ती ओळ पुन्हा वाचली. आणि मग तिला दिसलं, तिने लिहिलेल्या ओळीच्या शेवटी, जिथे इतरांची नावं होती तिथे, एक लांबलचक आकडा छापलेला होता.

ती तशीच वाचनालयात मोइराकडे गेली. मोइरा तिथे कामाला होती, चर्चमध्ये तिच्या शेजारी उभी राहायची.

"मोइरा, त्या विश्वकोशात लिहिलं की आकडा कसला येतो गं?"

"खातं न उघडता लिहिलंस वाटतं? मग नावाऐवजी तुझ्या घरच्या इंटरनेटचा पत्ता छापतात."

"घर कळतं त्यावरून?"

"घर नाही गं, पण गाव नाहीतर आसपासचं शहर कळतं. माझा भाचासुद्धा काढून देतो, त्यात काय! का? कोणाला शिव्या हासडल्यास?"

नोरा हसली. हसू थांबेना, तेव्हा खोकल्याचं निमित्त करून बाहेर पडली.

घरी येऊन तिने पडदे ओढले, दाराला खुर्ची लावली. पोलिसांत जावं? जिलाँगला एकदा बोलावले होते, ते रॉसबरोबर क्रिकेटच्या गप्पा मारून गेले. पळावं? ज्या बोटीने आपण जाणार, तिच्यातूनच तो उतरला तर? रस्त्यावर गाडी मंदावली की ती पडद्याच्या फटीतून बघे. तिने गुडघे टेकले, पण प्रार्थनेचे शब्दच आठवेनात. नुसतं "देवा, देवा" म्हणत राहिली. मग उठून तिने बॅलरॅटचा नंबर फिरवला.

"डेस्मंडचं दुकान! जुनी गाणी, जुना मालक, दोन्ही थोडे घासलेले. बोला!"

"ते पान काढून टाका."

पलीकडे वाजणारं गाणं बंद झालं. मग अगदी हळू आवाज आला. "तुम्ही तिसरं गाणं."

"मी कोणी नाही. काढून टाका म्हणते ना!"

"बाई, तीस वर्षं मी तो आवाज ऐकतोय. घाबरू नका. काय झालं?"

"माझ्या डाव्या कानाने मला ऐकू येत नाही," नोरा म्हणाली. "ज्यानं मारलं त्यानं काल तुमच्या पानावर लिहिलंय."

"रॉस." डेस्मंड म्हणाला. "आज सकाळीच त्यानं मला विचारलं, तो आकडा कुठला आहे म्हणून. मी म्हटलं, बघून सांगतो."

"सांगितलंत?"

"नाही. पण मी बघितला आहे. टास्मानियाचा उत्तर किनारा निघतो. मला येतं तसं त्यालाही येईल. ऐका, मला काही सांगू नका, नाव नाही, गाव नाही. तो आकडा पुसायचा अधिकार असलेली माणसं असतात, त्यांना मी आत्ता गुपचूप लिहितो."

"आणि पान?"

"मासिकाला लेख नको म्हणून कळवतो. तुम्ही फोन ठेवा, बाई. पुन्हा करू नका."

त्याने त्या गाण्याची एक ओळ म्हणून दाखवा असंही म्हटलं नाही.

तासाभरात आकडा गेला. संध्याकाळी डेस्मंडने स्वतःच्याच नोंदीखाली लिहिलं, "माझी चूक झाली. हिच्यावर कोणी एक ओळ छापलेली नाही, छापणारही नाही. काढून टाका." बँडिकूट चक्रावला. "अहो, कालपर्यंत तर भांडत होतात! जिंकलो म्हणून पेढे वाटू की काय?" नोंद गेली, पानाच्या साठवलेल्या जुन्या आवृत्त्यांसकट.

मधल्या त्या दिवसभरात रॉसने आकडा उतरवून घेतला होता का? ते नोराला कळलं नाही, मलाही नाही. तो हिवाळा तिने खुर्ची दाराशी लावूनच काढला. दार कोणी वाजवलं नाही, एवढं खरं.

आता माझं मागणं. ज्या गाण्यावर त्याने आयुष्यभर जीव टाकला, त्याची जगापुढची एकुलती एक खूण डेस्मंडने आपल्या हाताने पुसली. त्याचं स्वतःचं नाव तर कुठल्याच कोशात नाही. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा त्याची आठवण ठेवा, नाव घेऊन ठेवा. तिचं नाव मात्र घेऊ नका. मी जी दोन सांगितली, त्यांतलं एकही तिचं नाही.