साक्षगंधाची साडी

पडद्यामागे किशोर पट्टा आवळत उभाच राहिला. अमरावतीत कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच, म्हणून गडी बियाणं बघायचं निमित्त काढून अकोल्याला आला होता.

"गाठ नाही, सूज नाही," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "कधी दुखते?"

"साक्षगंध झालं माझं, लग्न ठरलं. ती जवळ आली, तवा... खाली जड पडलं. ठणकलं. नंतर आपोआप थांबलं."

"शरीर तापते, मोकळं होत नाही, रक्त साचते. जरा वेळानं उतरते. हा आजार नाही. एकाएकी जोरात दुखलं, सुजलं, तर मात्र लगेच या."

"लग्नाले अडचण?"

"काहून येईल? पत्रिका छापा!"

किशोरला हसावं की रडावं कळेना. वरूडला प्रतीक्षाच्या संत्र्याच्या बगीच्यात दोघं पहिल्यांदा जवळ आले, त्या दिवसापासून त्यानं तिचा फोन उचलला नव्हता. आपण कामातून गेलो, पोरीच्या जन्माचं वाटोळं कशाला करा, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं.

बाहेर येताच त्यानं फोन लावला.

"आता काहून आठवण आली?" प्रतीक्षा म्हणाली. "बगीच्यात मी तुमाले जवळ येऊ देलं, अन् तवापासून तुमी गायब. लग्नाआधी एवढं करते ते पोरगी कशी असंन, हेच आलं ना मनात?"

किशोर हादरला. हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मोबाइल बिघडला होता, असं सांगून सुटता आलं असतं. पण तिचा आवाज रडून बसला होता. तो रसवंतीच्या मागे गेला, तोंडावर हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. कान नुसते पेटले होते.



"आता दुखते का?" तिनं हळूच विचारलं.

"नाई."

"मले आधी सांगाव ना हो! बाबा साक्षगंधाची साडी परत करायले सकाळीच निघाले. पोचत असतीन तुमच्या घरी. त्यायले काय कारण सांगू मी आता?"

किशोरनं डोळे मिटले. घरी बैठकीत आई असेल, काका असतील, शेजारचे खुशालरावही येऊन बसले असतील.

"त्यायले तिथंच बसाले सांग," तो म्हणाला. "मी येतो. मीच सांगतो."

"सगळ्यायसमोर?"

"मंग?"

स्टँडवर अमरावतीची गाडी लागली होती. तो चढला आणि दाराजवळच उभा राहिला.