चवळीच्या सावलीत

गजराबाईने दोन्ही हातांनी चवळीचे वेल बाजूला सारले आणि खालची माती उघडी केली. काळी, ओलसर, मोकळी माती. लव्हाळ्याचं एक पातं दिसत नव्हतं.

"देख," ती मुलाला म्हणाली. "नीट देखी ले."

हेमकांत वाकला. त्याच्या मागे तळोद्याचा भटू मिस्त्री उभा होता. मिस्त्रीला कशाला आणलं, हे तिने विचारलं नाही. गावात दुसऱ्या कुणाच्या कामाला आला असेल, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं.

घरामागची ही पाच गुंठ्यांची वाडी. वांगी, मेथी, गिलकी, सगळं इथलंच. रतिलालने, तिच्या नवऱ्याने, चाळीस वर्षं इथला लव्हाळा उपटला आणि लव्हाळ्याने चाळीस वर्षं त्याला दमवलं. वरचं पातं तोडावं, तर खालच्या गाठीतून चार नवी फुटत. दोन वर्षांपूर्वी रतिलालला लकवा मारला, उजवं अंग गेलं आणि लव्हाळ्याला रान मोकळं मिळालं. गेल्या उन्हाळ्यात हेमकांत म्हणाला, तिथे आता उगवतंय काय? ट्रॅक्टरसाठी शेड बांधू. रतिलाल दोन दिवस जेवला नाही. मग गजराबाईने पोरापुढे पदर पसरला: एक पावसाळा दे, वाडी साफ करून दाखवते. हेमकांत लगेच "बरं" म्हणाला. तिला पोराचं कौतुकच वाटलं.

युक्ती निंदणीला येणाऱ्या दगूबाईची. उपटू नको, उपाशी मार, ऊनच पोचू देऊ नको, असं ती म्हणाली होती. गजराबाईने चवळीचं बी इतकं दाट फेकलं की बघणारे हसले. गल्लीतली कुणी कोवळा पाला मागायला आली, तर ती दारातूनच परत पाठवू लागली. पाला खुडला की ऊन आत शिरतं. हिरवी वाडी असून मूठभर भाजी देत नाही म्हणून तिचं नाव खराब झालं. झालं तर झालं.

भटूने हातातली सळई दोन-तीन ठिकाणी खुपसून पाहिली.

"आते हरकत नही," तो हेमकांतला म्हणाला. "गया वरीसले मीच तुमले थांबाडेल व्हतं. लव्हाया कोबा फोडीसन वर येस. आते साफ शे. दसराले पाया खंदी टाकू."

गजराबाईच्या हातातले वेल सुटले.

"हेमकांत, तू तं बरं म्हनेल व्हता."

"एक पावसाया मांगा तू, तो दिन्हा," हेमकांत तिच्याकडे न बघता म्हणाला. "वाडी ठेवसू अशे मी कव्हय म्हनं?"

ते दोघे मापं घेऊन गेले. इतके महिने आपण आपल्याच हाताने पोरासाठी जागा साफ करत होतो, हे तिला आता कळलं आणि स्वतःचीच चीड आली.

मागच्या ओसरीत खाटेवर पडलेल्या रतिलालने सगळं ऐकलं होतं. त्याने वाडीकडे बोट केलं. तिने खांदा देऊन त्याला फरफटत आणलं, कडेला बसवलं. त्याने डावा हात मातीत मनगटापर्यंत घातला आणि बराच वेळ चाचपत राहिला. हात वर आला तेव्हा बोटांत लव्हाळ्याची एक काळी गाठ होती. तिला पांढरा, बारीक कोंब होता.

"जित्ता शे," तो जड जिभेने म्हणाला.

त्याचं अर्धं तोंड हललं. हसला असावा. तिला मात्र रडू आलं.

"चवयी उपाडी टाक," तो म्हणाला.

"तेन्हावरी काय व्हई? तो मुरूम टाकी, दाबी टाकी."

"काहीच व्हवाव नही," रतिलाल म्हणाला. "तरी उपाडी टाक."

तिने कडेपासून सुरुवात केली. शेंगांनी लगडलेले वेल हिसक्याने निघत होते. गल्लीतल्या बायकांना आता हाक मारावी, असं तिच्या मनात आलं, पण हाक मारली नाही. उघड्या पडलेल्या पट्ट्यावर दुपारचं ऊन पडलं. रतिलालने ती गाठ पुन्हा खड्ड्यात ठेवली आणि डाव्या तळव्याने माती लोटली.

"पानी आन," तो म्हणाला.

गजराबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि तांब्या आणायला घरात गेली.