चिठ्ठीवर सत्तावीस

माणूस तोंडाने काय बोलतो ते सोडा, रॅकेटचं गटिंग किती ताणून मागतो ते बघा. एकोणीस वर्षं मी रॅकेटची जाळी विणतेय आणि अजून तरी गटिंग माझ्याशी खोटं बोललेलं नाही. खोटं बोलले ते मी.

खंडातल्या सतरा वर्षांखालच्या मुलामुलींची बॅडमिंटन अजिंक्यपद स्पर्धा होती. आम्हाला गॅलरीखालची खोली मिळाली होती. दोन यंत्रं, एक लांब टेबल, खिडकीचा पत्ता नाही आणि डोक्यावर दिवसभर प्रेक्षकांचे बूट. एका यंत्रावर मी, दुसऱ्यावर माझा दीर. दिराचा हात माझ्यापेक्षा सावकाश आणि जीभ माझ्यापेक्षा चपळ.

कामाची रीत ठरलेली. खेळाडू अठराच्या आतला, म्हणून चिठ्ठीवर पालकाची किंवा प्रशिक्षकाची सही. चिठ्ठीवरचा ताणाचा आकडा, पौंडात, वहीत जातो आणि वहीतला आकडा रॅकेटच्या गळ्याशी लेबलावर. ताण जास्त असला की शटलवर ताबा राहतो, पण सगळी ताकद हातानेच द्यावी लागते. ताण कमी असला की जाळीच शटल उडवते. खांद्याला आराम, पण शटल आपल्या मर्जीने जातं. त्यामुळे आमची वही म्हणजे खांद्यांची जन्मकुंडली. संघांचे डॉक्टर आणि निवड करणारे येता-जाता ती चाळून जातात. कालचा सव्वीसवाला आज चोविसावर आला की समजायचं, कुठेतरी दुखतंय.

डावरीची चिठ्ठी तिच्या बापाच्या अक्षरात असायची. सत्तावीस, खाली जाड रेघ. बाप स्वतः एके काळी बऱ्यापैकी खेळलेला. कपाटातल्या ढालींपेक्षा हुकलेल्या ढाली ज्याला जास्त पाठ असतात, त्या जातीचा. मुलगी पंधरा वर्षांची, डावखुरी, म्हणून सगळ्यांची डावरी. हसली की आधी बापाकडे बघून घ्यायची, हसू चालेल ना म्हणून.

उपांत्यपूर्व सामन्याच्या सकाळी ती एकटीच आली. दोन्ही रॅकेट टेबलावर ठेवल्या, वर चिठ्ठी ठेवली, आणि गेली नाही.

"मावशी, बावीस कराल?"

"चिठ्ठीवर सत्तावीस आहे."

"चिठ्ठीवर राहू दे. वहीतपण. लेबलपण तेच लावा."

दीर यंत्राआडून म्हणाला, "म्हणजे बाहेर वाघाचा बोर्ड आणि आत मांजर."

ती हसली नाही. बोलताना डावा हात तिने कंपासपेटी धरावी तसा पोटाशी धरला होता.

"खांदा?" मी विचारलं.

"रात्री कुशीवर झोपता येत नाही. सकाळी केस उजव्या हातानेच विंचरते. पण खेळता येतं. बावीसवर येतं."

"डॉक्टरांना सांग ना."

"ते बाहेर बसवतील. क्रीडा प्रबोधिनीवाले फक्त पहिल्या चारांना घेणार आहेत, निवासी. मला घरून सुटायचंय, मावशी." मग जरा थांबून म्हणाली, "बाबा वाईट नाहीत. फक्त चोवीस तास आहेत."

या शेवटच्या वाक्याला मी फसले, असं म्हणायला आवडलं असतं. खरं तर मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणी मला आकडा सांगायचं, मी तो ओढायचे. पहिल्यांदाच कुणीतरी मला विश्वासात घेतलं होतं. मी दोन्ही रॅकेट बावीसला केल्या, वहीत सत्तावीस लिहिलं आणि लेबल चिकटवलं.

"वहिनी," दीर हळूच म्हणाला, "आपलं काम ओढायचं. झाकायचं काम आपल्याकडे कधी आलं?"

"तुम्ही तुमचे आडवे धागे बघा. सातवा उलटा घातलाय."

घातला होताही.

डावरी तो सामना जिंकली. तिसऱ्या गेममध्ये एकवीस-अठरा. मी वर जाऊन पाहिलं. जाळी सैल असल्यामुळे तिचे फटके लांब जात होते, पण दुसऱ्या गेमपर्यंत तिने ते आखूड करून घेतले. हात खांद्याच्या वर फारसा नेतच नव्हती; खालून, बाजूने, मनगटाने भागवत होती. गरिबाच्या घरचा पाहुणचार असतो तसं खेळणं, आहे त्यात नीटनेटकं. ती पहिल्या चारांत आली. तिथेच सगळं थांबायला हवं होतं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी उपांत्य सामना होता, आणि सकाळी खोलीत तिघं आले. पुढे तिच्या संघाचा डॉक्टर, मागे बाप, त्याच्या मागे डावरी.

डॉक्टर सरळमार्गी माणूस. म्हणाला, "ताई, मला हिचा खांदा ठीक वाटत नाही. मी हिला आज खेळू देऊ नये म्हणतोय. हे म्हणतात, काल ही सत्तावीसवर खेळली."

"वही बघा की," बाप म्हणाला. "दुखऱ्या खांद्याने सत्तावीसवर तीन गेम निघतात का? मी खेळलोय हो, मला कळतं."

डॉक्टरने वही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "सत्तावीसच ना?"

डावरी बापाच्या पाठीआडून माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली नाही की डोळे वटारले नाहीत. नुसती बघत होती. मी खरं बोलले असते तर ती आज बसली असती, पण चारांतली जागा राहिली असती की लपवाछपवी केली म्हणून तीही गेली असती, मला माहीत नव्हतं. आणि माझं काय झालं असतं, ते मात्र चांगलं माहीत होतं. खोटं लेबल लावणाऱ्या बाईला कुठल्या स्पर्धेच्या खोलीत पुन्हा कुणी बसू देत नाही. हे दोन्ही विचार मनात एकदमच आले, असं मी लोकांना सांगते. एकदम नव्हते आले. माझा आधी आला.

"वहीत आहे तेच," मी म्हणाले.

डॉक्टरने मान डोलावली आणि गेला. दीर यंत्रावरून उठून पाणी प्यायला बाहेर निघून गेला. त्याला तहान नव्हती.

बापाने दोन्ही रॅकेट टेबलावर टाकल्या. "या कापा. काल फटके लांब जात होते, ताबा कमी पडत होता. आज अठ्ठावीस करा."

"बाबा," डावरी म्हणाली.

"तू पाय गरम कर जा."

"साहेब, सत्तावीस पुरे आहे," मी म्हणाले. "या वयाला अठ्ठावीस जड."

"सत्तावीसवर चेंडू फेकल्यासारखं शटल जात होतं, ताई. मला दिसलं ना."

त्याला दिसलं ते खरंच होतं. बरोबर बघून तो चुकीचं समजला होता, आणि त्याला तसं समजायला मीच दिलं होतं. तो स्टूल ओढून यंत्रासमोर बसला. काट्यावर नजर. बावीस उभे धागे, एकवीस आडवे, प्रत्येक ओढीला काटा अठ्ठावीसवर थांबला का ते तो बघत होता. दुसरी रॅकेट झाल्यावर त्याने तळहातावर आपटून आवाज ऐकला. "याला म्हणतात गटिंग," म्हणाला.

डावरी दाराशीच उभी होती. रॅकेट घेताना तिने उजवा हात पुढे केला.

सामना मी वरच्या दरवाज्यात उभी राहून पाहिला. पहिला गेम ती हरली. शटल नेटपलीकडे पोचतच नव्हतं. दुसऱ्यात तिने ठरवलं असावं, की जे व्हायचं ते होऊ दे. उड्या मारून डोक्यावरून मारायला लागली. बाप उभा राहून टाळ्या वाजवत होता. अकरा-आठला उंच शटल आलं, ती त्याच्याखाली गेली आणि फटका मारला. फटका चांगला बसला, गुणही मिळाला. पण रॅकेट तिच्या हातातून पडली होती आणि डावा हात दोरी सुटलेल्या पोहऱ्यासारखा खाली गेला होता. तिने वाकून उजव्या हाताने रॅकेट उचलली आणि सर्व्हिसला उभी राहिली. पंच खुर्चीवरून उतरेपर्यंत ती तशीच उभी होती.

खांद्यातला स्नायू हाडावरून सुटला होता. शस्त्रक्रिया होईल, डॉक्टर म्हणाला, जेवताना घास उचलता येईल, लिहिता येईल, पण डोक्यावरून फटका आता विसरा. प्रबोधिनीने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिची जागा पाचव्या मुलीला दिली होती.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सामान बांधत असताना डावरी आली. हात गळ्यात बांधलेला.

"तुम्ही बाबांना सांगितलंत?"

"नाही. सांगणार आहे."

"नका सांगू. त्यांना वाटतंय अठ्ठावीसमुळे झालं. सकाळपासून माझ्या शेजारी बसलेत, एक शब्द बोललेले नाहीत. वाटू दे त्यांना तसंच."

"अगं, पण निम्मं पाप माझं आहे. थोडं तुझंही."

"मला माहितीये," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण मला आता त्यांच्याबरोबरच राहायचंय ना. मग असेच राहू देत."

पंधरा वर्षांच्या मुलीला हा हिशोब कुणी शिकवला, ते मला विचारायचं नव्हतं.

ती गेली आणि पाच-दहा मिनिटांत बाप आला. रॅकेट न्यायला आलो म्हणाला, पण रॅकेट तर त्याच्याकडेच होत्या. दाढी वाढलेली. बसा म्हटलं तर बसला नाही.

"तुम्ही म्हणाला होतात, ताई. सत्तावीस पुरे आहे म्हणून. या वयाला जड म्हणून. मीच ऐकलं नाही. तुमच्या मनाला लावून घेऊ नका, तुमचा यात काही दोष नाही. तेवढंच सांगायला आलो."

दीर वायर गुंडाळायची थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला.

मी तोंड उघडलं. त्या माणसाचे डोळे लाल होते, आणि तो उत्तरासाठी थांबला होता.

"तुम्ही तरी काय करणार," मी म्हणाले. "चहा घेता का?"