युक्क्याची वाटणी

थोरली जाऊ वेगळी निघाली त्या दिवशी भांडीकुंडी, गाद्या, कपाटं, सगळ्याची वाटणी बिनबोभाट झाली. अडलं ते युक्क्यापाशी. आम्ही दोघी जावांनी मिळून कुंडीत वाढवलेलं शोभेचं झाड. कोपऱ्यातल्या अंधारात राहून उजेडासाठी ताडमाड वाढलेलं. खाली नुसता उघडा दांडा आणि वर छताला टेकलेला पानांचा झुपका. अगदी बघवत नव्हतं.

आमचं बोलणं महिनाभर बंद होतं. चूक माझीच. चार पाहुण्यांदेखत मी जाऊबाईंना आयतं बसून खाणाऱ्या म्हणाले होते. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. माफी मागायचं रोज ठरवायचे आणि त्या समोर आल्या की तोंडाला कुलूप लागायचं.

जाऊबाईंनी करवत आणली, दांडा मधोमध कापला आणि तुला हवा तो भाग घे म्हणाल्या. मी झुपका उचलला. बोडका खुंट कुंडीसकट त्यांच्या वाट्याला गेला. निघताना दारातून एवढंच म्हणाल्या, "आठवडाभर काप सुकू दे. मग लाव, आणि पाणी बेतानं घाल."

झालं! माझं डोकंच फिरलं. घर सोडलं तरी बाईंचे हुकूम काही सुटत नाहीत. मी त्याच दुपारी झुपका नव्या कुंडीत खोचला आणि सकाळ-संध्याकाळ मगभर पाणी ओतायला लागले.

महिन्याभरात पानं पिवळी पडली. दांडा दाबून पाहिला तर बोट आत गेलं आणि घाण वास आला. आमच्या दोघींतलं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि तेही मी हट्टापायी कुजवलं. नवरा म्हणाला, टाकून दे, दुसरं आणू. त्याला काय कळणार, कपाळ!

वर्तमानपत्रात गुंडाळून मी ते घेऊन त्यांच्याकडे गेले. घंटीवर बोट ठेवलं. दार उघडून तोंडावर परत लावलं तर?

दार उघडलं. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पुडक्याकडे. आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. खिडकीत तो बोडका खुंट होता, आणि त्याला अंगठ्याएवढे दोन हिरवे कोंब फुटले होते. माझी मान वर होईना.

त्यांनी सुरी घेतली आणि कुजलेल्या दांड्याच्या चकत्या पाडायला सुरुवात केली. तपकिरी. पुन्हा तपकिरी. पानांखाली जेमतेम चार बोटं दांडा उरला. पुढचा काप पांढरा आणि टणक निघाला.

"वहिनी, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं."

त्या सुरी धूत राहिल्या. किती वेळ धुवावी एक सुरी.

"पाणी बेतानं घाल म्हटलं की तू बदाबदा ओतणार, हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"मग सांगितलंत कशाला?"

"झाड नीट जगलं असतं, तर तू आली असतीस का?"

मला रडूच फुटलं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, झुपका सुकायला खिडकीत आडवा ठेवला आणि पुढच्या मंगळवारी लावायला ये म्हणाल्या.