दारापुढची शांतता

घटस्थापना झाली आणि विमलाबाईंच्या जिवाला घोर लागला. एरवी बाईंना देवीचं केवढं वेड! मांडवातला पहिला नारळ त्यांच्या घरचा आणि आरतीतला सगळ्यात खडा आवाजही त्यांचाच. पण यंदा मांडवावरच्या भोंग्यातून पहिलं गाणं सुटलं, तशा त्या घरातल्या खिडक्या लावत सुटल्या. आश्विनातलं रायपूरचं ऊन, डोक्यावर पत्रा, पंखा गरम वारा खोलीभर फिरवतोय, आणि या बाई खिडक्यांच्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबतायत. पलंगावर त्यांचे यजमान श्यामराव घामाने निथळत पडलेले.

श्यामरावांच्या हृदयाचं ऑपरेशन पोळ्याच्या सुमारास झालं होतं. छाती उघडून पुन्हा शिवलेली. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्या, पथ्य सांगितलं आणि जाता जाता म्हणाले, यांना दचकवू नका, मोठा आवाज, भांडणतंटा काही नको. असं डॉक्टर दिवसातून किती जणांना सांगत असतील! विमलाबाईंनी मात्र ते जिवाशी धरलं. तेव्हापासून घरात कुकरची शिटी वाजली नाही. दूधवाल्याने हाक मारायची नाही, फाटकाशी उभं राहून खोकायचं. पोळ्या लाटतानाही बाई हळूच लाटत, जणू पीठ चोरून आणलंय.

श्यामराव बिचारे वैतागून जात. मालगाडीचे गार्ड म्हणून अख्खी नोकरी काढलेला माणूस. इंजिनाच्या धडधडीत ज्याला गाढ झोप लागायची, त्याला आता घड्याळाची टिकटिक ऐकत निजायचं होतं. बाईंनी ते घड्याळही शेवटी स्वयंपाकघरात नेलं.

रेल्वेच्या रुळांलगतचा हा पारा, म्हणजे इकडच्या बोलीत मोहल्ला. निम्मी घरं विदर्भातून नोकरीपायी आलेल्या मराठी माणसांची, निम्मी साहू आणि वर्मांची. इथे एकाची कढी फुटली तर शेजारच्या दोन घरांना आधी कळतं. देवी बसली की पाऱ्याला तंटे करायला आयतंच निमित्त मिळतं. यंदा मागची गल्ली पाइपलाइनसाठी खणून ठेवली होती, विजेच्या तारा इतक्या खाली आल्या होत्या की मूर्तीचा मुकुट अडकणार हे पोरासोरांनाही दिसत होतं, आणि नळाला पाणी मध्येच यायचं, मध्येच जायचं. रोज आरतीनंतर मांडवात यावर गरमागरम चर्चा व्हायची आणि प्रसाद खाऊन लोक घरी जायचे. विमलाबाईंना यातल्या कशाशी घेणंदेणं उरलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता: विसर्जनाच्या दिवशी धुमाल येणार.

धुमाल म्हणजे ट्रकवर चढवलेली ढोल-ताशांची अख्खी पलटण, जोडीला कॅसिओ आणि माणसाच्या उंचीचे भोंगे. ते दारावरून गेलं की मांडणीतली भांडी आपोआप नाचतात, खिडकीच्या काचा थरथरतात, आणि धडधाकट माणसाचीही छाती हादरते. आणि या धुमालापुढे आजवर कोण चालायचं? श्यामरावच. मिरवणुकीला कुठे थांबवायचं, कुठे हलवायचं, हे त्यांचं काम. हात वर केला की शंभर माणसं थांबत. मालगाडी थांबवण्याची उरलेली हौस ते अशी भागवून घेत.

“धुमाल कोन्तं आनून राहिले यंदा?” ते पलंगावरून रोज विचारत.

बाई कानावर हात ठेवत. म्हणत, मला काय ठाऊक, तुम्ही पडून राहा. मग रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. श्यामरावांचा श्वास जरा लांबला की उठून बसायच्या, त्यांच्या नाकापुढे बोट धरायच्या आणि पुन्हा आडव्या व्हायच्या. मुलगी मंजिरी बंगलोरहून फोनवर समजवायची की बाबा आता बरे आहेत, तूच आजारी पडशील. फोन ठेवला की बाई पुन्हा खिडकीशी.

अष्टमीला त्यांनी ठरवलं आणि तडक मांडव गाठला. समितीचे अध्यक्ष बंडूभाऊ तारेखाली बांबू धरून उभे होते. भनपुरीच्या ट्रान्स्पोर्ट ऑफिसात बुकिंग करणारा हा गृहस्थ, श्यामरावांचा जुना दोस्त. बाईंनी आधी विनवलं की मिरवणूक दुसरीकडून न्या. ते जमण्यासारखं नव्हतं, मागच्या गल्लीत ट्रक घातला असता तर देवीचं विसर्जन तिथेच खड्ड्यात झालं असतं. मग बाई म्हणाल्या, तर धुमालच नको. हे ऐकून मांडवातल्या तरण्या पोरांनी हातातले प्रसादाचे द्रोण खाली ठेवले. विशाल नावाचा त्यांचा म्होरक्या, उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट करणारा, तोंडातला घास तसाच ठेवून बाईंकडे पाहत राहिला. मराठी त्याला सगळं कळायचं, बोलायचा मात्र हिंदीच.

बाईंनी मग भीडभाड सोडली. सगळ्यांसमोर पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, “माह्या घरात मानूस शिवून ठेवलेला हाय रे पोट्ट्यांनो. त्याचा टाका उसवला तर मी कोनाकडं पाहू?”

बंडूभाऊंनी बांबू खाली ठेवला. बराच वेळ कुजबुज झाली. शेवटी विशालनेच तोडगा काढला. “काकी, आप टेंशन मत लो. काका के घर के सामने पूरा बंद कर देंगे. एक भी आवाज नहीं होगा.” आणि बाकीच्या पोरांनी माना डोलावल्या, कारण श्यामरावकाकांनी लहानपणी त्यातल्या निम्म्यांना खांद्यावर घेऊन देवी दाखवली होती. बाई घरी आल्या त्या हलक्या होऊन. त्या रात्री त्यांना झोप लागली.

विसर्जनाच्या दिवशी मात्र पुन्हा तेच. सकाळपासून बाईंच्या पायाला भिंगरी. आरतीचं ताट मांडलं, मोडलं, पुन्हा मांडलं. श्यामरावांनी हट्टाने दाढी करून घेतली, इस्त्रीचा सदरा घातला आणि उशीला टेकून बसले. दारापर्यंत तरी जाऊ दे म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. पडदा ओढून घेतला आणि म्हणाल्या की आरती मी करते, प्रसाद आत आणते.

दिवेलागणीच्या आधी मांडवाकडून धुमाल सुरू झालं. लांब होतं तरी बाईंच्या हातातली वात पडली. श्यामराव ताठ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. मिरवणूक कुठवर आली हे ते नुसत्या आवाजावरून सांगू लागले. आता पिंपळापाशी आले, आता तारेखालून मूर्ती काढून राहिले, आता वर्माच्या दारी आरती झाली. बाई त्यांच्या छातीकडे पाहत होत्या. आवाज चढत चढत अगदी वळणावर आला, भिंतीला कंप सुटू लागला, आणि धुमाल बंद झालं.

एकदम, सुरी फिरवल्यासारखं बंद. ट्रकचं इंजिन तेवढं गुरगुरत होतं आणि खूप माणसांची अनवाणी पावलं सावकाश वाजत होती. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. पोरांनी शब्द पाळला होता.

श्यामरावांनी मान वळवली. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

“कोनाकडं झालं?” त्यांनी विचारलं.

बाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. या पाऱ्यात चालतं धुमाल एकाच कारणाने बंद पडतं. ज्या घरात नुकतीच मयत झाली असेल, त्या घरापुढे वाजवायचं नाही, नाचायचं नाही, सगळ्यांनी मान खाली घालून, हात जोडून घर ओलांडायचं. शेजारच्या साहूंचा तरणा मुलगा गेला त्या वर्षी श्यामरावांनीच ही रीत घालून दिली होती आणि तेव्हापासून पारा ती पाळत आला होता. बाईंना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण गेले कितीतरी दिवस त्यांना आवाजापलीकडे काही सुचतच नव्हतं. आणि पोरांनाही एवढंच कळलं होतं की काकांसाठी गप्प राहायचं.

“कोनाकडं काही नाही. तुम्ही पडा,” त्या म्हणाल्या.

“मंग बंद काहून केलं? समोरच्या भैय्यालालची माय गेली काय?” ते पाय खाली सोडू लागले. “मले काठी दे. त्याइच्याकडं बसाले जा लागते. मी गेलो नाही तर कसं दिसन?”

बाई दाराकडे धावल्या आणि पडदा सारला. बाहेर सगळी मिरवणूक त्यांच्या फाटकापुढून चालली होती. सगळ्यात पुढे विशाल, हात वर केलेला, अगदी श्यामराव करायचे तसा. मागे पोरांच्या माना खाली. बंडूभाऊंनी तर हात जोडलेले. त्या बापड्याला आपण काय करतोय हे कळतही नसावं. धुमाल थांबलं की हात आपोआप जुळतात. पुढच्या पाऱ्यातली एक बाई घोळक्यातून फाटकाशी आली, तिने विमलाबाईंचा हात हातात घेतला आणि डोळे भरून म्हणाली, “कब हुआ दीदी? हमको तो किसी ने बताया ही नहीं.”

बाईंनी हात हिसडून घेतला. मागे वळून पाहिलं तर श्यामराव चौकट धरून उभे. त्यांनी ऐकलं होतं. बाहेरच्या खाली घातलेल्या मानांवरून त्यांची नजर फिरली आणि बायकोवर येऊन थांबली. रागावले असते, शिव्या घातल्या असत्या तरी बाईंना चाललं असतं. ते फक्त विचारत होते, आणि खरंच विचारत होते.

“विमला, मी अजून हाव ना वो?”

आपण या माणसाला वाचवता वाचवता जितेपणी तिरडीवर बांधलं, असं त्यांना वाटलं, आणि स्वतःची अशी चीड आली की त्या पायात चपलाही न घालता रस्त्यावर उतरल्या. ट्रक पुढे सरकत होता, त्याच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला.

“बंडूभाऊ, बजवा,” त्या म्हणाल्या.

बंडूभाऊ गोंधळले. चाचरत म्हणाले, “वहिनी, तुम्हीच तं म्हनलं होतं…”

“मीच म्हनलं. आता मीच म्हनून राहिली. बजवा.”

विशाल जवळ आला. त्याचा वर केलेला हात अजून तसाच होता. हलक्या आवाजात म्हणाला, “काकी, काका को कुछ हो गया तो?”

हाच प्रश्न नवरात्रभर बाईंना पोखरत होता. त्यांनी नुसतं दाराकडे बोट केलं. सगळ्या माना वर झाल्या. चौकटीत श्यामराव उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, काठीशिवाय. घोळक्यात कोणीतरी हुंदका दिला. विशालने काकांकडे पाहिलं, मग ट्रककडे पाहिलं आणि हात खाली केला.

पहिला ठोका पडला तेव्हा बाई रस्ता ओलांडून धावत होत्या. दुसऱ्याला त्या फाटकात होत्या. तोवर ढोल, ताशे, कॅसिओ, सगळं एकदम कोसळलं, खिडक्यांच्या फटीतल्या चिंध्या हलल्या, शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्या श्यामरावांपाशी पोचल्या आणि सदऱ्यावरून त्यांच्या छातीवर आपला तळहात घट्ट दाबून धरला. आतलं सगळं जागच्या जागी दाबून ठेवता येईल असं त्यांना वाटलं असावं.

छाती हादरत होती. पण चौकटही हादरत होती, जमीन हादरत होती, बाईंचा स्वतःचा हातही. यातलं ढोलाचं किती आणि नवऱ्याच्या काळजाचं किती, काही उमजेना. श्यामराव हसून काहीतरी सांगत होते, ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. मूर्ती दारापुढे येऊन थांबली. आरतीचं ताट आत राहिलं होतं, पण हात काढून ते आणायला जाण्याची बाईंची छाती होईना.

खरं काय ते धुमाल थांबल्यावरच हाताला कळणार होतं. विमलाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि देवीला विनवलं की हे इतक्यात थांबू देऊ नकोस.