राहिलेलं एक घर

"माझ्याकडे कधी येणार?" पाळकीणबाईंनी खाटेवरून विचारलं, तेव्हा पाळकांचा एक पाय बुटात होता आणि दुसरा नुसत्या मोज्यात.

शिंप्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळली होती, तिला भेटायला ते निघाले होते. पाळकांच्या पायाला पहिल्यापासून भिंगरी. चर्चच्या मंडळीत कुणी शिंकलं तरी हे दारात हजर.

"म्हणजे काय? मी घरातच तर असतो."

"घरात नवरा असतो. माझं औषध कुठे ठेवलंय ते मलाच विचारतो. मी पाळकाचं विचारतेय."

ते हसले. बाई हसल्या नाहीत. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, आता उपचार थांबवलेले बरे, फार दिवस उरलेले नाहीत. तेव्हापासून घरात पथ्याचं बोलणं झालं, दूधवाल्याचं झालं, गळक्या नळाचं झालं. त्या एका गोष्टीचं तेवढं झालं नाही. साऱ्या गावाच्या उशाशी बसून धीर देणारा हा माणूस बायकोच्या उशाशी मूग गिळून बसायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"लोकांकडे जाता तसे या," त्या म्हणाल्या. "दार वाजवून."

पाळकांनी दुसरा बूट चढवला. पांढरी कॉलर लावली, बायबल काखेत घेतलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. स्वतःच्याच दाराबाहेर त्यांना भीती वाटली. परक्यांच्या घरात शिरताना ती कधी वाटली नव्हती. मग त्यांनी दार वाजवलं.

"या, पाळकसाहेब." बाईंनी तेवढ्यात केस सारखे केले होते. "बसा. चहा विचारला असता, पण करणारं कुणी नाही."

"असू द्या. कशा आहात, बाई?"

"बरी नाही. प्रार्थना होत नाही माझ्याच्यानं. डोळे मिटले की देवाचा नुसता राग येतो. आणि मरायची भीती वाटते. आमच्या ह्यांच्यासमोर रडता येत नाही. मी खंबीर आहे, असं सगळ्यांना सांगत फिरतात ते. त्यांना कळू देऊ नका."

"नाही कळू देणार."

एरवी असं कुणी बोललं की पाळक लगेच एखादं स्तोत्र काढून वाचत. आज बायबल मांडीवर मिटलेलंच राहिलं. बाई रडल्या, अगदी पोटभर रडल्या, आणि ते नुसते बसून राहिले. त्यांनाही रडू येत होतं, पण आजाऱ्यासमोर पाळकाने रडायचं नसतं.

"प्रार्थना करू?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"करा. मी ऐकते."

"प्रभू, हिला भीती वाटते. हिच्याजवळ राहा." पुढे काही सुचलं नाही. "आमेन," बाईच म्हणाल्या.

ते उठले, तशी बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. "एक राहिलं. मी गेल्यावर आमच्या ह्यांच्याकडे येत जा. ते सगळ्यांकडे जातात. त्यांच्याकडे जायचं कुणाला सुचायचं नाही."

"येईन," पाळक म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी अंगणातल्या नळावर तोंड धुतलं, डोळे धुतले, पुन्हा धुतले. आता आत नवऱ्याने जायचं होतं, आणि नवऱ्याला यातलं काही ठाऊक नसायला हवं होतं. चेहरा कोरडा झाल्यावर ते आत गेले.

"कुणी आलं होतं का गं?"

"पाळक आले होते," बाई म्हणाल्या. "बराच वेळ बसले."