घरच्याच मापाने

आमच्या दादाची नोकरी गेली ती एका लॉटपायी. फॅक्टरीत क्रिस्टल बनायचे. क्रिस्टल म्हणजे नखाएवढी पत्र्याची डबी, खाली दोन पाय, आत स्फटिकाची पातळ चकती. वीज दिली की ती ठरलेल्या वेगाने थरथरते, आणि तिने धरलेल्या ठेक्यावर रेडिओ, घड्याळं, सगळी यंत्रं मुकाट चालतात. दादा तिथे तपासनीस होता. त्याने एक लॉट पास केला, गिऱ्हाइकाने तो खराब म्हणून परत पाठवला आणि साहेबांनी दादाला परत पाठवलं. पुढे फॅक्टरीही बंद पडली. दादाच्या मते ती त्याच्या विरहाने पडली.

तेव्हापासून घरात एकच आरती. लॉट चांगला होता. लग्नाला गेला तरी नवरीच्या बापाला सांगणार, लॉट चांगला होता. वहिनी म्हणायची, "अहो, त्यांच्या मुलीचं पण बघा ना जरा, तीही चांगलीच आहे."

आणि एक दिवस भंगारवाल्याकडे दादाला तोच लॉट सापडला. फॅक्टरीची शिल्लक, पेट्यांवर त्याच्याच हातचा शिक्का. त्याने पेट्या पोत्यात भरल्या, पोतं खांद्यावर घातलं आणि जिने चढून आला, तेही असा, की जणू माहेरी आलेल्या लेकीची बॅग आणतोय.

"आता एकेक तपासणार," तो म्हणाला. "आणि साहेबाला इथे बसवून दाखवणार."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग त्याने म्हणायचं, चुकलं. एवढंच. मला दुसरं काही नको."

दुसरं काही नको म्हणणाऱ्या माणसाला जेवणाचं टेबल लागलं, खिडकीतला पंखा लागला, वहिनीचा केस वाळवायचा ड्रायर लागला. प्रत्येक क्रिस्टल आधी साध्या हवेत मोजायचा, मग ड्रायरने तापवून, मग फ्रीजमध्ये गारठवून. गरम-थंडीत ठेका सोडत नाही तो खरा, असं त्याचं म्हणणं. ड्रायरपायी आख्ख्या मजल्याचा फ्यूज उडाला. फ्रीजमधला डबा कलंडला आणि एक क्रिस्टल वाटाण्यांत गेला, तिथून जेवायला आलेल्या दादाच्या साडूभाऊंच्या ताटात आणि तिथून त्यांच्या दाढेखाली. दादाने आधी तो पुसून मोजायला नेला, नंतर दाढेची चौकशी केली. क्रिस्टल शाबूत होता.

"हा पण पास," तो आतून म्हणाला.

सगळेच पास होत होते. मोजायच्या यंत्राला तो काउंटर म्हणायचा. डबीवर छापलेला आकडा आणि काउंटरवर उमटणारा आकडा, शेवटच्या घरापर्यंत एक. इतके आज्ञाधारक क्रिस्टल मी पाहिले नव्हते. दादाचा चेहरा रोज थोडा तरुण होत होता. वहिनी मला हळूच म्हणाली, "भाऊजी, साहेब एकदाचे येऊन चुकलं म्हणू देत. निदान घरात दुसरा विषय तरी निघेल."

आढेवेढे घेऊन साहेब एका रविवारी आले. म्हातारे झाले होते, खुर्चीत बसतानाही तिची परवानगी काढल्यासारखे बसले. वहिनीने चहा-बिस्किटं ठेवली. दादा त्यांच्यासमोर क्रिस्टल लावत गेला. पास. पास. पास. साहेब चहात बिस्कीट बुडवून मान डोलवत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "तपासनीस, खरं सांगू का, मला तुमच्याशी एक बोलायचंच होतं. बरीच वर्षं..."

ते आता म्हणणारच होते. मला दिसत होतं, वहिनीला दिसत होतं. पण दादाचा उत्साह उतू चालला होता.

"थांबा साहेब, आधी यंत्र बघा. तुम्ही म्हणाल, काउंटर कशावरून बरोबर? तर उघडूनच दाखवतो." त्याने झाकण काढलं. "काउंटरलाही ठेका धरायला आत एक क्रिस्टल लागतो. जुना गेला होता. मग मी नोकरीच्या शेवटच्या दिवशी खिशातून आणलेला बसवला. आपलाच. याच लॉटमधला, सगळ्यांत..."

तिथे तो थांबला. तोंड उघडंच. माझ्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं, साहेबांच्या तर कधीच शिरलं नसतं.

"छान, छान," साहेब म्हणाले. "घरचाच माल."

दादाने कोपऱ्यातला मोठा रेडिओ लावला. वेळ सांगणारं स्टेशन असतं ना, टकटक करणारं, त्याचा आकडा पक्का असतो. नेमका याच लॉटच्या डबीवर छापलेला. शेजारी आपला क्रिस्टल चालू केला आणि दोघांचा सूर जुळला तर रेडिओत फक्त टकटक राहते. नाही जुळला, तर शिटी वाजते.

शिटी वाजली.

दादाने दुसरा लावला. शिटी. ड्रायरवाला, फ्रीजवाला, साडूभाऊंच्या दाढेखालचा. सगळ्यांची तीच शिटी, त्याच सुरात; सगळे सारखेच चुकलेले, काउंटरच्या आतलाही. गोतावळा होता, एकमेकांना कसा सोडेल? चोराने चोराची जामीनकी घ्यावी तसे ते काउंटरवर एकमेकांना पास करत होते.

"गाणं छान आहे," साहेब म्हणाले.

"फॅक्टरीतली यंत्रंही आपल्याच मालावर चालायची," दादा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग खुर्ची ओढून साहेबांसमोर बसला. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो की बाबा रे, गप्प बस. साहेबांना शिटीतलं काही कळत नाही. मघाचं वाक्य अर्धं राहिलंय, ते पुरं होऊ दे. पण तपासनीस जातीचा होता.

"साहेब, लॉट खराब होता. सगळा. मी चुकीचा पास केला. तुम्ही बरोबर होता."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "खरंच खराब होता?"

"हो."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" साहेब खुर्चीत मागे रेलले आणि पहिल्यांदाच हसले. "आम्ही तर पेटी उघडलीसुद्धा नव्हती. गिऱ्हाइकाचाच धंदा बसला होता, त्याला माल नको होता, म्हणून खराब म्हणाला. वरून हुकूम होता, एक माणूस कमी करा. पेट्यांवर तुमचा शिक्का होता, मी म्हटलं चला, हाच. पण तेव्हापासून मनाला लागून राहिलं होतं हो. निर्दोष माणसाला काढलं म्हणून. आज तेच बोलायला आलो होतो." त्यांनी आणखी एक बिस्कीट उचललं. "बरं झालं, आलो. ओझं उतरलं."

"चहा घ्या ना अजून," दादा म्हणाला.

"घेतो की."

दुसरा कप पिऊन साहेब उठले. आले तेव्हा कठडा धरून आले होते, गेले ते कठड्याला हात न लावता. दादा दारात उभा राहून "सावकाश, तिसरी पायरी फुटलीय" म्हणत होता.

वहिनीने कप उचलले. दादाने रेडिओ बंद केला.

"मी यंत्र उघडायच्या आधी," त्याने मला विचारलं, "ते घसा खाकरून काहीतरी म्हणत होते. काय म्हणणार होते?"

"काही नाही रे. बिस्कीट संपलं होतं त्यांचं, ते मागत होते."

"हां," दादा म्हणाला. त्याला पटलं नव्हतं, पण त्याने ते पास केलं.